नसलेल्या चिंचेखाली

जि. प. शाळा, खडकवस्ती, ता. केज
६ डिसेंबर २०२३

सौ. मंगलताई यांना नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. मी वैजयंता, जुलैपासून खडकवस्तीच्या शाळेवर आहे. माहेर-सासर दोन्ही गेवराईचं, त्यामुळं तोंडाची जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुमची आरोही माझ्याच वर्गात, तिसरीत आहे. तुम्ही फोन घेत नाही असं तुमच्या सासूबाई, सुभद्राबाई, म्हणाल्या. का ते मी विचारलं नाही. ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम राधाकिशन अधूनमधून गावी येतात, त्यांच्या हाती चिठ्ठी द्या, असं त्यांनी सुचवलं. म्हणून हे पत्र.

आरोही वाचायला हुशार आहे. घडाघडा वाचते, कुठं अडत नाही. पण सुट्टी झाली की पायरीवर येऊन बसते, भिंतीला पाठ लावून. फाटकाबाहेर तुमच्या सासूबाई बसलेल्या असतात. सुट्टी संपेपर्यंत आजी नातीकडं बघते आणि नात आजीकडं. दोघी एकमेकींवर पहारा ठेवतात असंच वाटतं.

तशी बाकीची पोरंही फार खेळत नाहीत. मैदान म्हणजे नुसता मुरूम, उन्हानं तापलेला तवा. मधोमध मोठी चार-पाच पोरं बॅट-बॉल खेळतात. बाकी सगळी शाळा भिंतीच्या सावलीत उभी. सावली आखडत गेली की पोरंही आखडतात. सुट्टीची घंटा झाली की पोरं पळत बाहेर येतात, असं मी आजवर धरून चालले होते. इथं चालत येतात.

आणि आणखी एक आहे, ते लिहू की नको असं करत बरेच दिवस गेले. मैदानातून आडवं जाताना एका ठरावीक जागी आलं की पोरं मान खाली घालून वाकतात. कुणी हसत नाही, कुणी कुणाला सांगत नाही. वाकतात, दोन पावलं तशीच जातात आणि सरळ होतात. वर नुसतं आभाळ असतं. पहिलीतल्या एकाला विचारलं, "काय रे, कावून वाकला?" तर म्हणाला, "फांदी लागती ना, मॅडम." ते पोर शाळेत आलं तेव्हा तिथं झाड नव्हतंच.

मग मला आरोहीच्या भावाचं, तुमच्या शहादेवचं कळलं. गेल्या जानेवारीत तो त्या चिंचेवरून पडला आणि चिंच नंतर तोडली, एवढंच कळलं. ताई, मी त्यावर काय लिहिणार?

पण मला त्या मैदानात झाडं लावायची आहेत. शालेय समितीचे अध्यक्ष अर्जुनराव यांच्याकडं गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुमी नव्या हायत. ते झाड मंगलनं पाडाय लावलं. आता तिनं लिहून दिल्याबिगर तिथं एक रोप लागायचं न्हाई." म्हणून तुम्हाला विचारते. नाही म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही.

तुमची,
वैजयंता

*

कृष्णाकाठ, उसाचा फड
२७ डिसेंबर २०२३

मॅडमला मंगलचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी आधी गावच्या शाळेत, मग युसूफ वडगावला नववीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन हातात धरला नाही. चुका काढू नका.

फोनचं सांगते. शहादेव गेल्याचं मला फोनवर कळलं. मी उसात होते, एका हातात कोयता होता. आरोहीच्या पप्पांनी फोन माझ्या कानाला लावला. तेव्हापासून फोन कानाशी आला की समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, तेच पहिलं ऐकू येतं. म्हणून घेत नाही.

आरोहीला पळू देऊ नका. एवढं एकच मागते. सासूबाईंना फाटकाशी बसायला मीच सांगून आले आहे. तुम्ही चांगल्या असाल. पण त्या दिवशी पण शाळेत मास्तर होतेच.

झाडाचं मला विचारू नका.

इथं सकाळी लई धुकं असतं. आम्ही तोडायला लागलो की पुढच्या सरीत कुणीतरी पळाल्यासारखं उसाचं वाळलेलं पाचट वाजतं. आरोहीचे पप्पा म्हणतात कोल्हा असेल. कोल्हा असा थांबून थांबून पळत नाही. मी कोयता खाली ठेवला की ते थांबतं, मी उचलला की पुन्हा पळतं. घाबरवायला आल्यासारखं नाही, खेळायला आल्यासारखं. मी हे कुणाला सांगत नाही. तुमची ओळख नाही म्हणून तुम्हाला लिहिलं.

पोरं वाकतात ती कोणत्या बाजूला? फाटकाकडं का हापशाकडं?

मंगल

*

खडकवस्ती
१९ जानेवारी २०२४

मंगलताई,

हापशाकडं. हापशाच्या अलीकडं, जिथं मुरूम जरा काळसर आहे, तिथं.

तुमची अट पाळते आहे. मनाविरुद्ध पाळते, हेही लिहून टाकते, कारण पोटात ठेवलं तर मला पचत नाही. आरोही आता चालतानासुद्धा भिंतीला हात लावून चालते. परवा वर्गाच्या पायऱ्या चढून आली तर धाप लागली होती. आठ वर्षांची पोर, ताई! या वयात आम्ही बांधावरून उड्या मारत घरी यायचो आणि उशीर झाला म्हणून मार खायचो. ती पडू नये म्हणून आपण तिला बसवलंय, पण बसून बसून तिच्या पायातलं बळ चाललंय. तुम्हाला राग येईल. येऊ द्या.

अर्जुनरावांकडं पुन्हा गेले होते. मी म्हटलं, झाडाचा काय दोष? तर म्हणाले, "दोष मला इचारू नका. तिनंच फोनवर सांगितलं, पाडा म्हणून. म्या ह्या कानानं ऐकलंय." आईनंच सांगितलं म्हटल्यावर मी वाद न घालता उठून आले. तसं ते सहसा होत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. काल शाळेत चाव्या विसरल्या म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. मैदानात चिटपाखरू नव्हतं. घाईनं आडवी निघाले आणि हापशाजवळ आल्यावर माझी मान आपोआप खाली गेली. मी जागीच थांबले. मी ती चिंच कधी पाहिलेली नाही.

वैजयंता

*

फड
११ फेब्रुवारी २०२४

मॅडम,

मी सांगितलं नव्हतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, मग आरोहीच्या पप्पांना वाचून दाखवलं. ते पण म्हणाले, तू तर फोनवर एक शब्द बोलली नाहीस. फोन कानाला होता तेवढाच. मी झाड पाडा म्हणाले असं गावात चालतं हे मला आज कळलं. मला वाटत होतं, सगळे माझ्याकडं बघून माना खाली घालतात ते दुःखानं.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा आम्हाला मुकादमानं जीप करून दिली. रात्रभर बसून गावी आलो. पहिलं मैदानात गेले. चिंच नव्हती. जमिनीत राहिलेल्या बुंध्यावर माती टाकून सारखं करून घेतलं होतं. मी विचारलं, कुठून पडला? बायांनी खाली बोट दाखवलं. मला वर बघायचं होतं, मॅडम. कुठं बसला होता, कोणत्या फांदीला धरून होता, ते बघायचं होतं. वर काही ठेवलंच नव्हतं.

मी जन्म दिला पण त्याला खेळताना धड बघितलं नाही. दिवाळी झाली की आम्ही निघायचो, पाडव्याला यायचो, तोवर शाळेला सुट्ट्या लागायच्या. त्याला झाडावर चढता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

किती उंचावरून पडला ते मला कुणी सांगत नाही. सासूबाई म्हणतात, लई उंचावरून, देवाची मर्जी. लई उंच म्हणजे किती? कुणी सांगत नाही म्हणून ती चिंच माझ्या मनात वाढतच चालली आहे. आता ती एवढी उंच झाली आहे की तो खाली येईपर्यंत मला लई वेळ लागतो. तेवढा वेळ तो एकटा असतो.

पोरांना विचारा. तुम्हाला सांगतील. आणि ते लाकूड कुठं आहे तेवढं बघा.

मंगल

*

खडकवस्ती
९ मार्च २०२४

मंगलताई,

विचारलं. शांतपणे वाचा. आधी खाली बसा.

अर्जुनरावांची नात संस्कृती, सहावीतली, तुम्ही ओळखता. त्या दिवशी ती शहादेवच्या शेजारी त्याच फांदीवर बसली होती. सूरपारंब्या चालल्या होत्या. तिला आजवर कुणी काही विचारलंच नाही. आजोबांनी बजावलं होतं, "तू झाडावर व्हतीस हे कुणाला सांगायचं न्हाई." मी विचारल्यावर पोरगी रडली नाही, उलट तिला सुटल्यासारखं झालं. मला हाताला धरून वर्गाच्या भिंतीशी घेऊन गेली, टाचा उंच केल्या आणि खिडकीच्या वरच्या कडेला बोट लावलं. "इथून, मॅडम."

एवढंच, ताई. खिडकीची वरची कड. मी हात वर केला तर माझा हात पोचतो. तुम्ही मनात वाढवली तेवढी ती फांदी नव्हती. तो फार वेळ एकटा नव्हता.

तुम्ही विचाराल, मग एवढ्यावरून पोर कसं जाईल? मीही तेच विचारलं. संस्कृती म्हणाली, "आदी आमी लई डाव पडलो, मॅडम. खाली पाला असायचा, माती भुसभुशीत असायची. ढुंगण झटकायचं अन् उठायचं." पण शहादेव पडला ते दिवस सव्वीस जानेवारीच्या तोंडावरचे होते. कवायतीसाठी मैदान केलं होतं. चिंचेखालचा वर्षानुवर्षांचा पाला झाडून जाळला, वर पाणी मारलं, धुम्मस मारून जमीन घट्ट केली. पाहुणे येणार म्हणून अगदी सिमेंटसारखी चोपून काढली. शहादेव त्या जमिनीवर पडला.

मी रात्री जेवले नाही. झाड त्याला वर्षानुवर्षं सांभाळत होतं, ताई, खाली अंथरूण टाकून. आपण अंथरूण काढून घेतलं, आणि मग शिक्षा झाडाला दिली. आणि जे राहिलं ते काय? तीच टणक जमीन, आणखी मोठी.

लाकूड अर्जुनरावांच्या गोठ्यामागं पडलं आहे. कुणी विकत घेतलं नाही, कुणी चुलीत घातलं नाही. ज्या झाडावरून लेकरू गेलं त्याच्यावर भाकरी कोण भाजणार? फांद्या कुजल्या, बुंधा मात्र धड आहे.

वैजयंता

*

फड
२९ मार्च २०२४

मॅडम,

खिडकी मला माहिती आहे. माझं माहेर पण खडकवस्तीचंच, मी पण त्याच शाळेत शिकले. त्या खिडकीतून आम्ही उड्या मारायचो.

पाडव्याला येतो. लाकडाला कुणाला हात लावू देऊ नका.

मंगल

*

खडकवस्ती
१२ डिसेंबर २०२४

मंगलताई,

मतदान झालं आणि टोळ्या निघाल्या, तेव्हा तुम्ही शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलात. मी वर्गातून बघत होते. आत यायला हवं होतं. आता पत्रातून भांडते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गोठ्यामागं त्या बुंध्याशी अख्खी दुपार बसला होतात, ते मी जन्मात विसरणार नाही. अर्जुनराव बाहेर आले, पण त्यांची मान वर होईना. "मंगल, म्या तुझ्या नावावर खपवलं. माझी नात बी त्याच फांदीवर व्हती. मला ते झाड डोळ्यापुढं नको झालतं." मला वाटलं आता तुम्ही त्यांना फाडून खाणार. मी तर तयारीतच होते, खोटं कशाला सांगू. आणि तुम्ही म्हणालात, "आण्णा, ते शाळंत न्या. आडवं टाका. पोरायला चढाय काईतरी लागतंय का न्हाई?" त्यांनी त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर लावला.

आता इथलं सांगते. पावसाआधी तलावातला गाळ आणून पसरला होता, तो तुम्ही पाहिलाच. त्यात हरळी अशी धरली की मुरूम शोधावा लागतो. हापशाचं वाया जाणारं पाणी वळवलं, त्याच्या काठानं शेवरी डोक्याच्या वर गेली. करंज, लिंब, बांबू, सगळं लागलं. पाला झाडायचा नाही असा मी फतवाच काढला आहे. बॅटवाल्या मंडळींची मक्तेदारी बुडाली, रोज तक्रार घेऊन येतात. पण पोरी खेळायला लागल्या, ताई! भिंतीला चिकटलेल्या पोरी. बारकी पोरं शेवरीत घरं करतात, तिथून ओंडक्यावर, ओंडक्यावरून मातीच्या उंचवट्यावर, दिवसभर नुसती पळापळ. घंटा झाली तरी वर्गात येत नाहीत. मी ओरडते आणि आतून मला बरं वाटतं.

मात्र वाकणं गेलेलं नाही. पळतानासुद्धा हापशाजवळ माना खाली जातात. आणि ओंडक्याला जिथं ती फांदी फुटली होती, तिथला बुडखा अजून आहे. त्यावर कुणी बसत नाही. सगळी पोरं दाटीवाटीनं बसतात आणि तेवढी जागा मोकळी सोडतात. कुणाची जागा ते कुणी बोलत नाही. मीही विचारलेलं नाही.

आता माझं भांडण. एवढ्या कल्लोळात एक पोर पायरीवर बसलेलं असतं. तुम्ही दुसऱ्यांच्या लेकरांना ते झाड दिलंत, आणि स्वतःच्या लेकीला काय दिलं, तर पायरी. आरोही चौथीत गेली, ताई. काल ती बसल्या जागी पाय हलवत होती. बाकीची पोरं पळत होती त्या तालावर. मला ते बघवलं नाही. मी वर्गात जाऊन दार लावून घेतलं.

अजून किती दिवस?

वैजयंता

*

फड
३० डिसेंबर २०२४

मॅडम,

रागावून लिहिलं ते बरं केलं. गोड लिहिलं असतं तर मी पुन्हा नाहीच म्हणाले असते.

फाटकातून परत गेले त्याचं कारण सांगते. मला ओंडक्यावरची ती मोकळी जागा लांबूनच दिसली. कुणी सांगायची गरज पडली नाही.

यंदा फडात पाचट वाजत नाही. पहिले काही दिवस मी थांबून थांबून ऐकलं. आरोहीच्या पप्पांनी विचारलं, कोल्हा गेला वाटतं? मला वाटलं होतं, ते थांबलं की मला बरं वाटेल. नाही वाटलं. तो इथून गेला तर कुठं गेला, हाच घोर लागला. मग तुमचं पत्र आलं. पोरं जागा सोडतात असं तुम्ही लिहिलं. म्हणजे तो तिथं गेला असेल. त्याला इथं उसात कुणी खेळायला नव्हतंच.

तिथं असेल तर त्याला आरोही रोज पायरीवर बसलेली दिसत असेल. बहिणीला आईनं बांधून ठेवलं, असं म्हणत असेल.

खेळू द्या तिला. पायात चप्पल नको, अनवाणी चढू द्या. संस्कृतीला म्हणावं पहिल्या दिवशी तिचा हात धर. सासूबाई आडव्या येतील. त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

मंगल

*

खडकवस्ती
१८ जानेवारी २०२५

मंगलताई,

आधी हे वाचा: आरोही बरी आहे. जेवते, झोपते, बोलते.

तुमचं पत्र आल्यापासून ती रोज खेळत होती. पहिल्या दिवशी पायरीवरून उतरायलाच तिला वेळ लागला, पण त्यानंतर तिला परत बोलवायला मला जावं लागायचं. धाप लागायची बंद झाली. परवा दुपारी ओंडक्यावरून उडी मारताना तोल गेला आणि ती हातावर पडली. डावा हात मनगटाच्या वर मोडला. मी आणि अर्जुनराव तिला लगेच जीपमधून केजच्या दवाखान्यात घेऊन गेलो. प्लास्टर घातलं आहे. डॉक्टर म्हणाले, लहान हाड आहे, लवकर जुळेल. डोक्याला काही नाही, मी पुन्हा पुन्हा विचारलं. खाली गवत होतं, पाला होता.

तुम्ही काळजी करू नका. पोर इतकी धीराची, रडलीसुद्धा नाही. अगदी शांत होती.

सुभद्राबाईंनी मला फाटकात उभं करून विचारलं, "एकाचं झालं ते पुरलं न्हाई का तुमाला?" त्यांचं बरोबर आहे. तुम्ही माझ्या शब्दावर पोर सोडली होतीत. उद्याच अर्जुनरावांना सांगून ओंडका हलवायला लावते. आरोही पुन्हा पायरीवर बसेल. मी चुकले, ताई.

वैजयंता

*

फड
२६ जानेवारी २०२५

मॅडम,

राधाकिशन मुकादमाचा माणूस आज गावी निघाला आहे, त्याला थांबवून लिहिते. त्याच्याच हाती उत्तर द्या. आज झेंड्याचा दिवस आहे हे मला ठाऊक आहे.

आरोहीच्या पप्पांनी सासूबाईंना फोन केला. ती बरी आहे असं सासूबाई म्हणाल्या. हात मोडला तर मोडला. माझा पण मोडला होता, त्याच शाळेत, दुसरीत असताना. जोडला, अजून त्याच हातानं ऊस तोडते. ओंडका हलवू नका. मला त्याचं भ्या वाटत नाही.

मला भ्या तुमच्या एका ओळीचं वाटतं. रडली नाही, शांत होती, असं तुम्ही कावून लिहिलं?

उन्हाळ्यात मी संस्कृतीला एकटीला गाठून विचारलं होतं. शहादेव पडला तेव्हा काय म्हणाला? ती म्हणाली, काहीच नाही, मावशी. पडला आणि शांत होता. आम्हाला वाटलं, मुद्दाम पडून राहिला. आम्ही हसलो. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आरोहीच्या पप्पांना पण नाही.

म्हणून खरं सांगा. फोन कानाला लावून सासूबाईंना मी विचारू शकत नाही. रडली का? रडली असेल तर किती मोठ्यानं? मला तेवढंच पाहिजे. तुमचं पत्र आल्यापासून ते गप्प लेकरू माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. आता कोणतं ते पण मला कळत नाही.

मंगल

*

खडकवस्ती
२९ जानेवारी २०२५

मंगलताई,

रडली.

मी खोटं लिहिलं. तुम्हाला धीर यावा म्हणून लिहिलं, आणि नेमकं तेच लिहिलं जे लिहायला नको होतं. मला काय ठाऊक, ताई! ठाऊक असतं तर आधी तेच लिहिलं असतं, नमस्काराच्याही आधी.

गवतावर पडली, आणि श्वास घेतल्याबरोबर जी किंचाळली, ती थांबेचना. सुट्टीतही पाढे म्हणत बसलेला वर्ग बंद पडला. सगळी शाळा भोवती जमली. फाटकाशी तुमच्या सासूबाई होत्या, त्या अनवाणी धावत आल्या. रस्त्यानं एक ट्रॅक्टर चालला होता, त्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, काय झालं म्हणून बघायला उतरला. मी तिला उचललं तर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, तो कान संध्याकाळपर्यंत गच्च होता. केजपर्यंत जीपमध्ये रडली. अर्जुनराव पुढच्या सीटवर बसले होते. ते एकदाही मागं वळले नाहीत, पण मी पाहिलं, ते डोळे पुसत होते आणि पुटपुटत होते, "रड, बाई, रड. खुशाल रड." मला तेव्हा कळलं नव्हतं ते असं का म्हणतायत. आता कळलं. दवाखान्यात सुई बघून तिनं डॉक्टरला ज्या शिव्या दिल्या, त्या तिला कुणी शिकवल्या हे तुम्ही सासूबाईंना विचारा.

आणि एवढ्या वेळात शब्द एकच होता. आई. श्वास घ्यायला थांबायची, की पुन्हा आई. इतक्या जोरात हाका मारत होती, मंगलताई, की तुम्हाला तिकडं ऐकू आलं नाही याचंच मला नवल वाटलं.

वैजयंता